कवेलूच्या घराचे सामान : प्रकल्प नोंदी

२१ जानेवारी २०२४

आर्वी तालुक्यातील आमचे गावचे घर गेली सहा वर्षे बंद आहे. सासूबाई गेल्यानंतर मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे वर्ध्याला राहायला आले आणि घराला कुलूप लागले ते लागलेच. माझी शाळा या गावापासून चार किलोमीटरवर आहे आणि यजमानांना शेतीसाठी दिवसाआड इकडे यावेच लागते, म्हणून येत्या शैक्षणिक वर्षापासून भाड्याची खोली सोडून गावीच राहायचे, असे आम्ही ठरवले आहे. आज कुलूप उघडून घरातल्या वस्तूंची मोजदाद केली. ओसरी, माजघर, एक झोपायची खोली आणि स्वयंपाकघर, एवढेच हे कवेलूचे (कौलांचे) घर. दोरी कुजून लोंबलेल्या दोन बाजा, दोन लोखंडी पेट्या, काळी पडलेली पितळेची आणि तांब्याची सात भांडी, तीन पाट, पाटा-वरवंटा आणि बंद पडलेले दोन छताचे पंखे सापडले. टेबल, खुर्ची, कपाट, कूलर यांपैकी काहीच नाही.

सामानासाठी ३०,००० रुपये बाजूला काढले आहेत. छप्पर आणि भिंती यांचा खर्च यात धरलेला नाही. प्रत्येक वस्तू कोठून आली, कितीला पडली आणि तिच्यावर काय काम करावे लागले, हे या वहीत लिहीत जाणार आहे. जुनी वस्तू घेताना दिलेले पैसे आपल्याला पाठ असतात, पण तिच्या दुरुस्तीवर थोडेथोडे करून गेलेले पैसे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

४ फेब्रुवारी

कवेलू फेरणारे दोघे भाऊ तीन दिवसांत काम संपवून गेले. सामान आणण्याआधी छप्पर, हा क्रम मामाजींनी आग्रहाने पाळायला लावला आणि तो योग्यच होता, कारण गळक्या छपराखाली ठेवलेले चांगले लाकूडही एका पावसाळ्यात बिघडते. झोपायच्या खोलीत कवेलूंच्या खाली बुरडाकडून विणून आणलेले बांबूचे तट्टे ठोकले. त्यामुळे वरून झडणारी माती अंथरुणावर पडणार नाही आणि उन्हाळ्यात कवेलूंची झळही थेट खाली उतरणार नाही. भिंतींना वणीजवळच्या राजूरचा चुना भिजवून, गाळून आणि डिंकाचे पाणी घालून दोन हात दिला.

१८ फेब्रुवारी

गावात सध्या घरकुलांची कामे चालू आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि बहुतेकांना जुने मातीचे घर पाडल्याशिवाय नव्यासाठी जागाच नसते. त्या पाडलेल्या घरांतले लाकूड चुलीत जाते किंवा कबाडी ते वजनावर उचलून नेतो. आमच्याच गल्लीतले एक घर गेल्या आठवड्यात उतरवले, तेव्हा मातीच्या ढिगातून निघालेल्या दोन तुळया आणि एक चौकटीसह दार मी पाहून आले. तुळया प्रत्येकी आठ फूट लांब, पाच इंच रुंद आणि चार इंच जाड होत्या, म्हणजे दोन्ही मिळून दोन घनफुटांपेक्षा थोडे अधिक सागवान. वरचा काळा थर नखाने खरवडल्यावर खाली मधासारखा रंग दिसला आणि लाकडाचा तेलकट वास आला. टोकाकडचा जो भाग भिंतीत होता तो वाळवीने खाल्लेला होता. टाचणी टोचत गेले तेव्हा साधारण नऊ इंचांवर ती आत शिरायची थांबली. तेवढे टोक कापून टाकायचे, हे तिथेच ठरले. घरातल्या आजींनी दोन तुळयांचे १,८०० आणि दाराचे ३,५०० रुपये मागितले, आणि मी घासाघीस केली नाही. त्या म्हणाल्या, "घेऊन जाय बाई, चुलीत जाण्यापरीस तुह्या घरात राहीन."

सागवान म्हटले की कागदपत्रे आली. सागाची तोड १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येते आणि लाकडाच्या वाहतुकीवर वनविभागाचे नियंत्रण असते. जुन्या घराचे लाकूड आहे, कोण विचारतो, असे म्हणून ते ट्रॅक्टरवर टाकून निघणे बरोबर नाही. आम्ही घरमालकाची विक्रीची चिठ्ठी आणि ग्रामपंचायतीचा घर पाडल्याचा दाखला घेतला, दोन्ही कागद वनविभागाच्या कार्यालयात दाखवले आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे सारे पूर्ण करून मगच लाकूड गावाबाहेरच्या आरामशीनवर नेले.

तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. मशीनवाल्यांनी तुळयांकडे पाहूनच हात वर केले. "खिये असन त मी नाई कापत. माहा पट्टा तुटते," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. जुन्या तुळयांत कंदील टांगायचे, झुल्याचे, दिवाळीच्या तोरणाचे असे चाळीस-पन्नास वर्षांचे खिळे असतात आणि त्यांची डोकी गंजून लाकडाच्या पातळीला आलेली असतात. शाळेच्या विज्ञानपेटीतला मोठा लोहचुंबक मी बरोबर नेला होता. तो दोऱ्याला बांधून तुळईच्या चारही बाजूंनी एक बोटभर अंतराने सरकवत गेलो, जिथे तो चिकटला तिथे खडूने खूण केली आणि सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी पटाशीने भोवतालचे लाकूड मोकळे करून पकडीने खिळे ओढले. दोन्ही तुळयांतून अकरा खिळे निघाले. सारे बोटभर लांबीचे, हाताने घडवलेले आणि चौकोनी अंगाचे होते. त्यानंतरच फळ्या पाडून मिळाल्या. कापणीचे २५० रुपये झाले.

२५ फेब्रुवारी

सहावी-सातवीच्या मुलांची सहल सेवाग्रामला नेली होती. बापूकुटी मी यापूर्वीही पाहिली आहे, पण घर लावण्याचे काम हाती असल्यामुळे या वेळी नजर वेगळ्या गोष्टींवर गेली. कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंती, वर कवेलू, बसायला चटई आणि समोर लिहिण्यासाठी बुटके मेज. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहायला आले तेव्हा आपल्याच भागातल्या सामग्रीचे घर त्यांनी पसंत केले. त्या गावाला सेवाग्राम हे नाव नंतर मिळाले. मीराबहेनने भिंतीवर मातीतच उठवलेल्या ताडाच्या झाडांपुढे मुले बराच वेळ उभी होती. मी पाहत होते ते सामान किती कमी लागते हे. त्याचे कारण मला तिथे उमगले असे वाटते: ठेवण्याची सोय भिंतीतच असली की वस्तूसाठी वेगळी वस्तू आणावी लागत नाही.

घरी येऊन आमच्या माजघरातले कोनाडे मोजले तर सात निघाले. त्यांतले चार पूर्वी कधीतरी विटा लावून बुजवले होते. ते उघडले, कडा मातीने सरळ केल्या आणि चुना दिला. तुळईच्या उरलेल्या तुकड्यांतून मिस्त्रींनी नऊ खुंट्या काढून दिल्या. दिवा, पुस्तके, औषधे, मुलाचे दप्तर आणि मामाजींची काठी यांची जागा एकही रुपया खर्च न होता झाली, आणि यादीतली दोन मांडण्या आणि एक स्टँड ही नोंद मी खोडली.

१७ मार्च

जवळच्या एका शाळेने निर्लेखित, म्हणजे वापरातून काढून टाकलेल्या, साहित्याचा लिलाव केला. नोटीस फलकावर आठ दिवस लागलेली होती, पण बोलीला आम्ही सोडून दोन कबाडीच आले होते. आम्ही चार लाकडी खुर्च्या प्रत्येकी ९० रुपयांना आणि दोन बाके प्रत्येकी १५० रुपयांना घेतली. खुर्च्या डगमगत होत्या म्हणूनच त्या निर्लेखनात गेल्या होत्या. मिस्त्रींनी त्यातली एक उलटी धरून हलवून पाहिली आणि म्हणाले, "कायले नवं घेता, मॅडम? लाकूड काहीच गेलं नाई. सांधे तेवढे सुटले."

पुढचे दोन रविवार या चार खुर्च्यांत गेले, आणि या साऱ्या कामात मला सर्वांत अधिक शिकायला मिळाले ते इथे. खुर्ची डगमगू लागली की आपण कोपऱ्यात खिळा मारतो. त्या खिळ्याने महिनाभर बरे वाटते, पण पायाच्या भोकात बसणारे कुसू खिळ्याने चिरते आणि मग ती खुर्ची खरोखरीच निकामी होते. या चारांपैकी एकीत असे सहा खिळे होते. बाकीच्या तिन्ही जुन्या सरसाने जोडलेल्या होत्या, आणि सरस गरम पाण्याने सुटतो. मिस्त्रींनी जुन्या बनियनची पट्टी उकळत्या पाण्यात बुडवून सांध्याभोवती गुंडाळली, पाच मिनिटे थांबले, लाकडी हातोडीने आतून दोन हलके ठोके दिले आणि आडवी पट्टी भोकातून अलगद बाहेर आली. कुसवावर तपकिरी, काचेसारखा जुना सरस चिकटलेला होता. तो पूर्ण खरवडून लाकूड उघडे पाडण्याचे काम माझ्याकडे होते. हे वगळून वरून फेव्हिकॉल लावला तर तो लाकडाला धरत नाही, जुन्या सरसालाच चिकटतो आणि जोड पुन्हा सुटतो.

जिथे कुसू झिजून भोकात सैल झाले होते तिथे मिस्त्रींनी सागाची पातळ ढलपी चिकटवून ते जाड केले. सगळे जोडल्यावर खुर्ची चौफेर आवळून धरायला शिकंजा हवा होता. तो नव्हता, म्हणून पायांभोवती दोरीचे दोन वेढे घेऊन त्यांत दांडका अडकवला आणि पीळ देत गेलो. जादा फेव्हिकॉल सांध्यातून मण्यांसारखा बाहेर येईपर्यंत पीळ द्यायचा, तो ओल्या फडक्याने लगेच पुसायचा आणि एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सांध्यात आरपार भोक पाडून बांबूची खुंटी ठोकली. आता या खुर्च्यांवर मामाजी मागे रेलून बसतात आणि आवाज होत नाही.

३१ मार्च

ही नोंद लिहिताना वाईट वाटते. फेब्रुवारीच्या शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून जुने दोन दारांचे कपाट ३,२०० रुपयांना घेतले होते. दिसायला ते सर्व वस्तूंत चांगले होते, वरून शिसवी रंगाचा चकचकीत कागद होता, आणि दुकानदाराने ते प्लायवूडचे असल्याचे सांगितले होते. होळीच्या आधी घर धुतले तेव्हा त्याचे पाय पाण्यात होते. आज पाहिले तर खालची पाटी फुगून दुप्पट जाड झाली होती, कड बोटाने दाबताच भुसा सांडला आणि एका दाराची बिजागरी स्क्रूसकट निघून आली. ते लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले बोर्ड होते. मिस्त्रींनी स्क्रू पुन्हा पिळून पाहिला, तो जागच्या जागी फिरत राहिला. त्यांनी कपाटाला हात लावून काही वेळ काहीच म्हटले नाही आणि मग हे काम मला येत नाही असे सरळ सांगितले.

दोष माझाही आहे. दाराची कड आणि पाठीमागची बाजू मी पाहिली असती तर थर आहेत की भुसा आहे, हे तिथेच कळले असते. मी किंमत पाहिली आणि चकाकी पाहिली. वस्तू घेण्याआधी ती नव्याच्या तुलनेत किती स्वस्त आहे हा माझा आजवरचा प्रश्न होता. आजपासून तो मी बदलला आहे. ही वस्तू मोडली तर आमच्या गावात किंवा आर्वीच्या बाजारात ती कोणाच्या हाताला दुरुस्त होईल, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आला तरच ती घ्यायची. तुळईसाठी मिस्त्री होते, बाजेसाठी गावातले काका आहेत, भांड्यांसाठी कल्हईवाले आहेत. या कपाटासाठी कोणीही नव्हते.

७ एप्रिल

कपाटाच्या जागी पुलगावच्या कबाड्याकडून लोखंडी कपाट आणले. २,६०० रुपयांना मिळाले. पत्रा जाड आहे, खालचा कोपरा गंजला होता आणि किल्ली नव्हती. पॉलिशपेपरने गंज काढला, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात दिले, कुलूप बदलले. या सर्वाचे ५४० रुपये झाले.

तुळईच्या फळ्यांचे जेवणाचे टेबल या आठवड्यात उभे राहिले. निर्लेखनातल्या एका बाकाच्या फळीतून त्याला एक खणही बसवला, म्हणजे आता एक बाक ओसरीवर आणि एक टेबलात आहे. टेबलाला पॉलिश न लावता जवसाचे तेल लावले. जवस आपल्याच भागात पिकते, तेल घाण्यावरून मिळते आणि पुढे कधी डाग पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येते. कच्चे तेल वाळायला फार दिवस लागतात, म्हणून पहिल्या हातात थोडे टर्पेंटाइन मिसळले आणि प्रत्येक हात पुसून इतका पातळ केला की हाताला तेल लागू नये. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडून राहिली तर फडके आपोआप पेट घेते. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी हा धोका अधिकच. मी प्रत्येक फडके पाण्याच्या बादलीत बुडवले आणि नंतर उघड्यावर पसरून वाळवले.

ओसरीच्या बाकाच्या एका पायातून पिठासारखी बारीक पूड गळत होती. भुंगा होता. तीन भाग बोरॅक्स आणि दोन भाग बोरिक ॲसिड यांचे पाण्यातले द्रावण करून भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने सोडले, बाहेरून दोनदा फासले आणि पाय पांढऱ्या कागदावर ठेवला, तो महिनाभर तसाच ठेवायचा. कागदावर पुन्हा पूड दिसली तर तो पाय बदलायचा.

११ एप्रिल

कल्हईवाले आर्वीच्या आठवडी बाजारात बसतात, हे सासूबाईंच्या मैत्रिणीने सांगितले. गंज, कोपर, दोन गुंड आणि तीन लहान भांडी पोत्यात घालून नेली. त्यांनी भाता लावून कोळसे फुलवले, भांडे चिंच आणि वाळूने घासून तापवले आणि चिमूटभर नवसागर आत टाकला. पांढऱ्या धुराचा तिखट वास आला, त्याच क्षणी कथिलाची कांडी भांड्याच्या तळाला टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली. काळ्या तळावर चांदीचे पाणी पसरावे तसे कथील पसरत गेले. सारे काम मिनिटभराचे. कथील साधारण २३२ अंशांना वितळते, त्यामुळे अशा भांड्यात काही न घालता ते चुलीवर तापत ठेवले तर कल्हई निघून जाते. चिंच, ताक किंवा टोमॅटोचा रस्सा कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नये, म्हणून आमटीच्या या भांड्यांना कल्हईची खरी गरज होती. कांडीत शिसे नाही ना, हे मी विचारून घेतले. डागकामाची कांडी वापरणारेही काही असतात आणि तशी कल्हई अन्नाच्या भांड्याला चालत नाही. सात भांड्यांचे ५६० रुपये झाले. स्वयंपाकघरासाठी नवे भांडे घ्यावे लागले नाही.

२१ एप्रिल

विदर्भात घर लावणे म्हणजे कूलरचा प्रश्न सोडवणे. गावातल्याच एकांकडून अठरा इंची पंख्याचा, पंधरा वर्षांचा लोखंडी कूलर १,१०० रुपयांना घेतला. पंख्याची मोटर चांगली होती, पण टाकीच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढी पाच भोके पडली होती. आत दिवा ठेवून अंधारात पाहिले तेव्हा ती स्पष्ट दिसली. तारेच्या ब्रशने गंज काढून भोके एम-सीलने भरली आणि तळाला आतून डांबरी रंगाचे दोन हात दिले. यासाठी २१० रुपये लागले. पंप २८० रुपयांचा नवाच घेतला, कारण जुन्या पंपाची वायर मध्येच सोललेली होती. तीन बाजूंच्या ताट्या दरवर्षी बदलाव्याच लागतात. त्यांचे २४० रुपये.

विजेच्या बाबतीत मी एकही रुपया वाचवलेला नाही आणि कोणीही वाचवू नये. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसे जातात, आणि त्यात पाणी भरायला गेलेल्या स्त्रिया आणि लहान मुले असतात. लोखंडी पत्रा, ओली जमीन, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग, इतके एकत्र आले की एवढ्या-तेवढ्या सोललेल्या वायरनेही जीव जातो. आमच्या घरात अर्थिंगच नव्हते. वायरमनकडून खड्डा करून, कोळसा आणि मीठ भरून ते नव्याने घेतले, कूलरच्या अंगाला अर्थिंगची वायर नट-बोल्टने घट्ट जोडली, तीन पिनांचा प्लग लावला आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. सर्व मिळून २,६५० रुपये लागले, म्हणजे कूलरपेक्षा अधिक. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडली की ते नीट काम करीत नाही, म्हणून त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालायचे मुलाकडे दिले आहे. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसते बटण बंद करायचे नाही, हे मी खडूने कूलरशेजारच्या भिंतीवर लिहिले आहे.

कूलर खिडकीबाहेर, उत्तरेच्या सावलीत ठेवला आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली. हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि कूलर बिघडला असे वाटते. रात्रभरात तो चार-पाच बादल्या पाणी पितो. टाकी दर रविवारी रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

२८ एप्रिल

परवा, २६ तारखेला वर्धा मतदारसंघाचे मतदान होते, आणि दोन दिवस मी मतदान केंद्रावर होते. त्यामुळे या आठवड्यात पंखे एवढेच झाले. दोन्हींची गती मंद होती. कपॅसिटर बदलले, २.५ मायक्रोफॅरडचे दोन, ११० रुपये. एकाचे बेअरिंगही बदलावे लागले, २४० रुपये. दोन्ही आता ठीक फिरतात. झोपायच्या खोलीत मात्र मी नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा २,९०० रुपयांना घेतला. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि हा सुमारे ३०. दिवसाला पंधरा तास आणि वर्षातले आठ महिने धरले तर साधारण १६० युनिट वाचतात. ज्या वस्तूचा खर्च रोज चालू असतो ती जुनी घेणे दरवेळी काटकसरीचे ठरत नाही. जुना फ्रिज आम्ही याच कारणाने नाकारला.

१२ मे

बाजांचे काम मी मुद्दाम भर उन्हाळ्यापर्यंत ठेवले होते. जुन्या बाजेबरोबर ढेकूण येतात आणि ते गात्यांच्या (चौकटीच्या दांड्यांच्या) सांध्यांत व खुरांच्या (पायांच्या) भोकांत राहतात. कुजलेली दोरी जाळली, दोन्ही चौकटी भर दुपारी अंगणात उभ्या केल्या आणि प्रत्येक सांध्यात किटलीने उकळते पाणी ओतले. हे आठ दिवसांच्या अंतराने तीनदा केले, कारण पहिल्या पाण्यातून अंडी वाचू शकतात. गाते सागाचे आणि खूर बाभळीचे आहेत, दोन्हींना काही झालेले नाही.

विणायला गावातले सत्तरी ओलांडलेले काका आले. नायलॉनची पट्टी स्वस्त आणि टिकाऊ असते, पण मामाजींना अंबाडीच्या दोरीचीच बाज हवी होती. उन्हाळ्यात तिच्यातून पाठीला हवा लागते, हे खरे आहे. दोन बाजांना नऊ किलो दोरी लागली, किलोला १४० रुपयांप्रमाणे १,२६०. काकांनी दोरी आदल्या रात्री शिंपडून ओलसर केली, म्हणजे ती हाताला मऊ लागते आणि पीळ उकलत नाही. उशाकडच्या कोपऱ्यातून तिरकी सुरुवात करून ते दोन दोऱ्या वरून आणि दोन खालून नेत गेले. दर चार फेऱ्यांनी लाकडी फाळक्याने ओळ ठोकून घट्ट बसवत. माझ्या मुलाला त्यांनी शेजारी बसवून दोरीचे दुसरे टोक धरायला दिले होते. "ढील नोको देऊ पोट्या, आता ढील देली त मंग झोपल्यावर कंबर जाते," असे ते त्याला दोन-तीनदा बजावत होते. पायथ्याकडे वीतभर मोकळी जागा ठेवून तिथे ताणाची वेगळी दोरी ओवली. ओली दोरी वाळली की सैल पडते, म्हणून ती दोरी तिसऱ्या दिवशी पुन्हा ताणावी लागली, आणि पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी ताणावी लागेल. काकांनी दोन दिवसांचे ८०० रुपये घेतले. हे काम आता गावात त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही. मुलगा दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे शिकायला जाणार आहे, तसे मी त्यांच्याशी बोलून ठेवले आहे.

१९ मे

सासूबाईंच्या दोन गाद्या उसवल्या. कापूस गाठी होऊन दगडासारखा झाला होता, पण वास नव्हता. दोन दिवस उन्हात टाकला, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला आणि घरचा तीन किलो कापूस सरकी काढून आणून त्यात मिसळला. मजुरी, सरकी काढणे आणि नव्या खोळी मिळून १,४५० रुपये. परक्याची वापरलेली गादी मी घेतली नसती; ही घरची होती.

९ जून

हिशेब लावला. लाकूड आणि दार ५,३००, कापणी २५०, मिस्त्रींची सहा दिवसांची मजुरी ४,२००, लिलाव ६६०, वाया गेलेले कपाट ३,२००, लोखंडी कपाट ३,१४०, कूलर १,८३०, अर्थिंग आणि आरसीसीबी २,६५०, कल्हई ५६०, पंखे ३,२५०, बाजा २,०६०, गाद्या १,४५० आणि तेल, फेव्हिकॉल, बोरॅक्स वगैरे ७८०. एकूण २९,३३० रुपये. ६७० उरले आहेत. मजुरी म्हणून गावातल्या हातांना गेलेले पैसेही थोडेथोडके नाहीत, आणि ते तसेच असावेत अशी माझी इच्छा होती. कपाटाचे ३,२०० मात्र अजून सलतात. त्याच्या चांगल्या राहिलेल्या दोन काचा काढून कोनाड्यांना लावल्या, बाकीचे टाकून द्यावे लागले, कारण त्यातल्या चिकट द्रव्यामुळे ते चुलीत जाळणेही योग्य नव्हते.

२३ जून

आम्ही १५ तारखेला राहायला आलो. शाळा १ जुलैला उघडेल. गुरुवारी रात्री चांगला पाऊस झाला. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला एका जागी थेंब पडले, तिथले दोन कवेलू चिरलेले होते, ते यजमानांनी बदलले. सकाळी टेबलाचा खण उघडेना. पावसाळी हवेने लाकूड फुगले होते. मिस्त्रींना बोलावले तर ते म्हणाले की आत्ता रंधा मारला तर दिवाळीनंतर खण खळखळेल, थोडे थांबा. खणाच्या कडांना मेणबत्ती घासायला त्यांनी सांगितले. तसे केल्यावर तो उघडला. ओसरीच्या बाकाखालचा कागद आज पुन्हा पाहिला, पूड नव्हती. कागद तिथेच ठेवला आहे, पुढची पाहणी पोळ्याच्या सुमारास करीन.